टॉरीन आणि कॅन्सर

एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर कॅफीनच्या शेजारी जे नाव छापलेलं असतं ते टॉरीन, २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण १००० मिलिग्रॅम. १८२७ मध्ये टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन संशोधकांनी ते बैलाच्या पित्तातून वेगळं काढलं, लॅटिनमध्ये टॉरस म्हणजे बैल, म्हणून हे नाव. कॅनमधलं टॉरीन मात्र कारखान्यात रसायनांपासून बनतं, बैलाशी त्याचा काही संबंध नाही. आपलं शरीरही ते सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लापासून स्वतः बनवतं, मासे-मटणातूनही मिळतं, आणि हृदय, मेंदू, डोळ्याचा पडदा सगळीकडे ते असतं, त्यामुळे त्याला सरसकट विष म्हणणं चूकच.

मग कॅन्सरचा विषय आला कुठून? मे २०२५ मध्ये नेचर या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर युनिव्हर्सिटीच्या जीविशा बजाज यांच्या टीमचा पेपर आला, तो ल्युकेमियाबद्दल म्हणजे रक्ताच्या कॅन्सरबद्दल होता. बोन मॅरोमध्ये म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात हाड घडवणाऱ्या पेशी टॉरीन तयार करतात, ल्युकेमियाच्या पेशींना ते स्वतः बनवता येत नाही, मग त्या एसएलसी६ए६ नावाच्या प्रोटीनच्या दारातून ते आत ओढून घेतात, आणि आत गेल्यावर ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवायचं त्यांचं काम जोरात चालतं. हे दार बंद केलं तेव्हा उंदरांमध्ये आणि माणसाच्या ल्युकेमिया पेशींमध्येही वाढ मंदावली. उलट आजारी उंदरांना वरून टॉरीन दिल्यावर आजार वेगाने पुढे सरकला.

इथेच बातम्यांमध्ये गोंधळ झाला असं मला वाटतं. एनर्जी ड्रिंक प्यायल्याने ल्युकेमिया होतो असं हा पेपर म्हणत नाही, आधीच झालेल्या आजाराला टॉरीन इंधन म्हणून मिळतं एवढंच तो दाखवतो, आणि वरून टॉरीन द्यायचे प्रयोग उंदरांवरचे आहेत. पण ज्याला ल्युकेमिया आहे त्याच्यासाठी ही बाब अजिबात छोटी नाही, कारण केमोथेरपीचा त्रास कमी व्हावा म्हणून काही पेशंटना टॉरीनच्या गोळ्या देऊन बघितलेलं आहे. असा पेशंट घरात असेल तर एनर्जी ड्रिंक, जिमवाल्यांची पावडर, सप्लिमेंट काय काय घेतलं जातंय ते डॉक्टरांना कृपया सांगा.

सगळ्याच कॅन्सरमध्ये असंच घडतं असंही नाही. २०२४ मध्ये सेल या जर्नलमधल्या संशोधनात जठराच्या कॅन्सरच्या पेशी तेच दार वापरून आसपासचं टॉरीन पळवतात असं दिसलं, त्यामुळे कॅन्सरशी लढणाऱ्या टी पेशी उपाशी राहून थकतात, आणि उंदरांना टॉरीन दिल्यावर त्या टी पेशींना पुन्हा जोर आला! म्हणजे एकाच पदार्थाने एका ठिकाणी शत्रूला बळ दिलं, दुसरीकडे आपल्या बाजूच्या पेशींना. तिसरा धागा आतड्याचा आहे, तिथले बिलोफिला जातीचे जिवाणू टॉरीन तोडून हायड्रोजन सल्फाइड वायू करतात, जो जास्त झाला तर आतड्याच्या अस्तराला त्रासदायक ठरतो, म्हणून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या अंगानेही टॉरीनकडे बघितलं जातंय.

निरोगी माणसाबद्दल बोलायचं तर युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये एनर्जी ड्रिंकमधल्या टॉरीनचं प्रमाण चिंतेचं नाही असं मत दिलं होतं. पेयांमधल्या साखर आणि कॅफीनचा प्रश्न वेगळा. ल्युकेमियाच्या बाबतीत आता खरी उत्सुकता त्या दाराची आहे, माणसाला चालेल अशा औषधाने ते बंद करता आलं तर पेशंटसाठी उपचाराचा एक नवा रस्ता उघडेल.