पार्श्वभूमी: हरून हसत उठणारे केबीसीवाले आणि त्यांच्यामागचे नियम

केबीसीत कोणी करोडपती झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, गावात मिरवणूक निघते. पण साडेबारा लाखांवरून किंवा पन्नास लाखांवरून धाडकन ३ लाख २० हजारांवर, म्हणजे चुकलं तरी हातात राहणाऱ्या रकमेच्या पडावावर आलेले, तरी होस्टला हात मिळवून, प्रेक्षकांना नमस्कार करून शांतपणे निघून गेलेले लोक कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांची नावं आठवायला सांगितली तर घरातलं कोणीच सांगू शकणार नाही. ते असे का वागतात याचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे संस्कार. असतील संस्कार, नाही कोण म्हणतंय. पण गेल्या पंचवीस वर्षांत या शोंचे नियम कसकसे बदलत गेले ते बघितलं तर हरणाऱ्याला दिलदार राहायला जागा किती मिळणार, हे बऱ्याचदा नियम लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं दिसतं.

फार मागचं थोडक्यात उरकतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात पैशांचे क्विझ शो तुफान चालायचे. त्यातल्या एका गाजलेल्या शोमध्ये सलग जिंकत आलेल्या स्पर्धकाला १९५६ च्या डिसेंबरात निर्मात्यांनी सांगितलं की बस, आता तू हरायचंस. प्रश्न होता १९५५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचा, उत्तर होतं 'मार्टी', आणि हा त्याचा आवडता पिक्चर, तरी त्याला चुकीचं नाव घ्यावं लागलं. पडद्यावर तो अगदी शहाण्यासारखा हरला. नंतर त्यानं तोंड उघडलं, १९५९ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सगळं बाहेर आलं आणि १९६० मध्ये असं ठरवून खेळवणं कायद्यानेच बंद झालं. आपल्याकडे तोवर पैशांचा असा खेळच नव्हता. नंतर रेडिओवर शाळांची क्विझ आली, ८० च्या दशकात दूरदर्शनवर कॉलेजांची आली, तिथे हरायची ती टीम, हरायचं ते शाळेचं नाव, मुलं ब्लेझर घालून समोरच्या टीमशी हात मिळवायची आणि बसनं घरी. एकटा माणूस, समोर कॅमेरा, मागे आईवडील बसलेत आणि पैसे डोळ्यांदेखत गेले, हे सगळं ३ जुलै २००० नंतरचं, म्हणजे केबीसी सुरू झाल्यानंतरचं.

शो मूळचा ब्रिटनमधला, १९९८ चा. तिथूनच तो नियम आला ज्यावर माझ्या मते सगळं उभं आहे: प्रश्न आधी बघायचा आणि मग ठरवायचं खेळायचं की उठायचं. बाकीच्या खेळांत हरणं तुमच्यावर येऊन आदळतं, इथे तुम्ही स्वतः म्हणू शकता की बास, मी थांबतो, आणि चेक घेऊन मानानं बाहेर. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिल्या पर्वात घड्याळही नव्हतं, माणूस हवा तितका वेळ कपाळावर हात ठेवून बसायचा, होस्ट पाणी विचारायचे, आपण घरात ओरडायचो "अरे बी, बी!" आणि तो शेवटी मान हलवून क्विट करायचा. तो हरला असं कोणालाच वाटायचं नाही. पहिला करोडपती त्याच वर्षी ऑक्टोबरात झाला, मुंबईचा, मराठी, नागरी सेवेची तयारी करणारा मुलगा, ते सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ते सोडतो.

ज्या प्रसंगावरून मला हे लिहावंसं वाटलं तो २०१० चा. शो नव्या चॅनलवर आला होता आणि १ कोटीच्या वर ५ कोटींचा जॅकपॉट प्रश्न टाकला होता. एका स्पर्धकानं १ कोटी जिंकले. समोर ५ कोटींचा प्रश्न आला, त्यानं उत्तर दिलं, चुकलं, आणि तो १ कोटीवरून ३ लाख २० हजारांवर आला. म्हणजे एका वाक्यात ९६ लाख ८० हजार गेले. याच्यावर लोक अजूनही भांडतात. हात दाखवून अवलक्षण, असं म्हणणारे जास्त, कारण १ कोटी म्हणजे मध्यमवर्गीय घराच्या दोन पिढ्या, कोण सोडेल. दुसरी बाजू म्हणते खेळायला आला होता तर खेळला.

हिशोब करून बघा जरा, गंमत आहे. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी चारात एकदा ५ कोटी आणि तीनदा ३ लाख २० हजार, सरासरी काढली तर साधारण १ कोटी २७ लाख येतात, म्हणजे हातातल्या कोटीपेक्षा जास्त! एखादा पर्याय जरी खात्रीनं बाद करता आला तर मग बोलायलाच नको. याउलट ५० लाखांवर असताना १ कोटीचा प्रश्न घ्यायचा तर उत्तराची खात्री जवळजवळ निम्मी, ४८ टक्क्यांच्या वर पाहिजे, नाहीतर उठलेलं बरं. म्हणजे कागदावर ५ कोटींच्या प्रश्नाला उठणाराच चुकतो. पण सरासरी त्याच्यासाठी असते जो तो खेळ शंभर वेळा खेळणार आहे, हा माणूस आयुष्यात एकदाच त्या खुर्चीत बसणार, त्यामुळे उठणाऱ्याला मी घाबरट म्हणणार नाही आणि खेळणाऱ्याला वेडा तर अजिबातच म्हणणार नाही. माझं मन खेळणाऱ्याकडे झुकतं हे कबूल. कारण क्विट करून हसणं सोपं आहे हो, हातात चेक असतो. उत्तर लॉक करून, लाल झालेला स्क्रीन बघून, मग "बरोबर उत्तर काय होतं?" असं खरंच जाणून घ्यायच्या आवाजात विचारणारा माणूस, तो वेगळा. असे लोक त्या शोमध्ये दिसलेत, कमी दिसलेत, पण दिसलेत.

आता उलट उदाहरण. २००२ च्या आसपास एका ब्रिटिश शोची हिंदी नक्कल आली होती, काळे कपडे, चष्मा, कडक बाई, आणि दर फेरीला बाकीच्या खेळाडूंनीच मत देऊन एकाला हाकलायचं. गेलेला माणूस मग कॅमेऱ्यासमोर येऊन कोणी दगा दिला ते सांगायचा. इंग्लंडात तो प्रकार प्रचंड चालला, आपल्याकडे नाही. आपल्या लोकांना पाहुण्याचा अपमान बघवत नाही असं तेव्हा बोललं गेलं. मला वाटतं साधी गोष्ट होती, त्या शोनं हरणाऱ्याला हसायला एक क्षणसुद्धा ठेवलेला नव्हता, नियमच तक्रार करायला लावणारा होता.

मराठीत याच्या अगदी दुसऱ्या टोकाला होम मिनिस्टर. २००४ ला सुरू झाला, मधल्या बदलांसकट वीस वर्षं टिकला, भावोजी घरी येणार, दोन वहिनी खेळणार, एकीला पैठणी. तुम्ही म्हणाल हा काय गेम शो, फुगे फोडायचे आणि उखाणे घ्यायचे. पण हरण्याच्या बाबतीत मला हा केबीसीपेक्षा हुशार वाटतो. दोघी एकाच बिल्डिंगीतल्या, कधी एकाच मजल्यावरच्या, कुकरची शिट्टी एकमेकींना ऐकू जाईल इतक्या जवळच्या. जी हरली ती उद्या सकाळी जिन्यात तिलाच भेटणार आहे, वाटीभर साखर मागायला तिच्याकडेच जाणार आहे. त्यामुळे हरलेल्या वहिनी टाळ्या वाजवायच्या, जिंकलेलीच्या खांद्यावरची पैठणीची घडी सारखी करून द्यायच्या, पदरावरचा मोर बोट लावून बघायच्या, आणि डोळ्यात जे काय असेल ते असायचं. बक्षीस म्हणजे एक साडी, किमती पण आवाक्याबाहेरची नाही, म्हणून ते हसू जमायचं. २०२२ ला त्याच शोनं ११ लाखांची, सोन्याची जर असलेली पैठणी ठेवली आणि खेळ स्टेजवर, गर्दीत नेला. तेव्हा साडीच्या किमतीवरूनच जास्त टीका झाली. माझा आक्षेप वेगळा होता: समोर अनोळखी बाई आणि मध्ये ११ लाख असल्यावर घडी सारखी करून देणारी वहिनी कुठून आणायची?

लिटिल चॅम्प्सचा विषय काढल्याशिवाय मराठी माणूस हे संपवू देणार नाही, म्हणून काढतो. २००८-०९ चं पर्व, वरचा सा मिळाला की अख्खं घर टाळ्या वाजवायचं ते. महाअंतिम फेरीत पाच मुलं, आळंदीची मुलगी जिंकली आणि ऑर्कुटपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे "पुण्याच्या मुलीला द्यायला पाहिजे होतं" आणि "आमच्याकडची पोर जिंकली ते बघवत नाही का" असं सुरू झालं. एसएमएसच्या मतांवर गाणं ठरवावं का हा मुद्दा खरा होता, पण भांडण गाण्यावर फार वेळ राहिलं नाही, ते कोण कुठल्या घरातलं इथपर्यंत गेलं. त्या पाच मुलांनी मात्र यात पडायचं टाळलं. त्यांना लोक पंचरत्न म्हणायला लागले, २०२१ ला तेच पाच जण त्याच शोमध्ये परीक्षक म्हणून एका रांगेत बसले, आणि त्यातल्या न जिंकलेल्या दोघांनी २०२३ ला एकमेकांशी लग्न केलं. मोठे लोक इतक्या वर्षांनंतरही कोण जिंकायला हवं होतं यावर अडलेत.

मधल्या काळात केबीसीत एक गोष्ट हळूहळू शिरली जिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. २००० ला स्पर्धक खुर्चीत बसायचा तेव्हा त्याचं गाव, काम, सोबत कोण आलंय एवढं कळायचं. २०१० ला शोची ओळच झाली की कोई भी सवाल छोटा नहीं होता, पुढच्या वर्षी कोई भी इन्सान छोटा नहीं होता, आणि त्याबरोबर स्पर्धकाच्या घरचे व्हिडिओ आले: गळकं छप्पर, आजारी वडील, कर्ज. छोट्या गावातले लोक त्यामुळे आले हे चांगलंच, अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई २०१९ ला १ कोटी घेऊन गेल्या, ते बघताना सगळेच रडले. पण ज्याचं छप्पर आधी दाखवलंय तो जेव्हा चुकतो तेव्हा तो फक्त प्रश्न हरत नाही, पत्रे आणि ऑपरेशन हरतो, सगळ्या देशासमोर. मग त्यानं हसत उठावं अशी अपेक्षा ठेवायची म्हणजे जास्तच झालं.

२०२२ ला नियम थोडा सैल केला. ७५ लाखांचा नवा पडाव आला, वरची रक्कम साडेसात कोटी. म्हणजे त्या पर्वात १ कोटीचा प्रश्न चुकला तरी ७५ लाख हातात, साडेसात कोटींचा चुकला तरी ७५ लाख. २०१० वाल्या माणसाला हा नियम मिळाला असता तर त्याचे ९६ लाख ८० हजार नाही, फक्त २५ लाख गेले असते. याचा परिणाम असा की त्या पर्वात वरच्या दोन प्रश्नांवर लोकांना धाडस करणं परवडायचं, आणि चुकल्यावर हसणंही. फक्त जो ५० लाखांवर ७५ लाखांचा प्रश्न खेळून चुकायचा तो तेव्हाही तिथेच यायचा, ३ लाख २० हजारांवर, तो खड्डा त्या नियमानं बुजवला नाही.

आणि मग २०२५. एक शाळकरी मुलगा होस्टना घाई करत, पर्याय ऐकायच्या आधीच लॉक करा म्हणत खेळला, सुरुवातीच्याच एका प्रश्नाला चुकला आणि रिकाम्या हातानं घरी गेला. पुढचे काही दिवस लाखो मोठ्या माणसांनी त्या पोराला आणि त्याच्या आईबापाला शिष्टाचार शिकवले, हरला ते बरंच झालं असंही लिहिलं. होस्ट मात्र शेवटपर्यंत त्याच्याशी शांतपणेच बोलत होते. तो भाग लाइव्ह नव्हता, रेकॉर्ड आणि एडिट करून मग दाखवलेला होता, आणि त्यातलं काय ठेवायचं, काय कापायचं हे काही त्या मुलाला कोणी विचारलेलं नसणार.