स्टीव्हियाची गोडी, यीस्टच्या टाकीतून

स्टीव्हिया या गोड पानांच्या झुडपाची पावडर साखरेऐवजी चहात घालणाऱ्यांची तक्रार ठरलेली: गोड लागतं, पण मागाहून जीभ कडवट होते. दोष पानातल्या रेणूंचा. स्टीव्हियोसाइड आणि रेब-ए (रिबॉडियोसाइड-ए) हे त्यातले मुख्य. दोन्ही साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड, पण कडू चव ओळखणाऱ्या ग्राहींनाही ते डिवचतात. रेब-एम हा त्यांचाच भाऊबंद चवीला साखरेच्या बराच जवळ जातो. मात्र साध्या जातींच्या हजार किलो वाळल्या पानांत तो किलोभरही नसतो.

या सगळ्यांचा गाभा एकच, स्टीव्हिऑल. त्याच्या दोन बाजूंना ग्लुकोज चिकटतात. स्टीव्हियोसाइडमध्ये एका बाजूला 2 आणि दुसऱ्या बाजूला 1, रेब-एमध्ये 3 आणि 1, तर रेब-एममध्ये दोन्हीकडे तीन-तीन. पान बहुतेकदा तीन-चारवरच थांबतं.

मग रेब-एम बनवण्याचं काम पाव फुगवणाऱ्या यीस्टकडे सोपवलं गेलं. आपल्या पेशीपटलासाठी यीस्ट एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध रेणू बनवतं. त्याच्या कच्च्या मालाचा काही भाग वळवला की स्टीव्हिऑलची वाट सुरू होते. त्यासाठी स्टीव्हियाची आणि इतर सजीवांची जनुकं यीस्टमध्ये घालतात. खरी कसोटी मधल्या टप्प्यावर लागते. तिथली विकरं (एन्झाइम) पटलाला चिकटून काम करतात आणि परक्या पेशीत सहसा रेंगाळतात. पुढे ग्लुकोज जोडणारी विकरं येतात. त्यांतल्या एकाला रेणूच्या दोन्ही बाजू चालतात, म्हणून तीन-तीनचा हिशेब जुळतो.

कारगिल आणि डीएसएम या कंपन्यांच्या भागीदारीतला असा कारखाना 2019 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ब्लेअर इथे सुरू झाला. गंमत म्हणजे यीस्टला खाऊ घालतात ती साखरच! शेवटी यीस्ट गाळून टाकतात आणि उरतो तो रेणू पानातल्यासारखाच. तरीही त्याला सरसकट ‘नैसर्गिक’ म्हणणं मला पटत नाही. ‘आंबवून बनवलेला’ हे जास्त प्रामाणिक. शिवाय वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हियासह साखरेचे पर्याय वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दिला आहे. गोडी सुधारली म्हणून तो सल्ला बदलत नाही.

आणखी एक हिशेब बाकी आहे. या पानाची गोडी जगाला कळली ती पॅराग्वे-ब्राझीलच्या ग्वारानी लोकांमुळे, आणि नफ्यातला वाटा ते मागत आहेत. टाकीत बनलेल्या रेब-एमलाही ही मागणी लागू होते. त्याची मूळ कृती त्याच झुडपाची आहे.