बानाखत झालं, तरी घर विकणाऱ्याचंच

दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातला जुना वाडा विकायला निघाला की वकील आधी कागदांची साखळी मागतो, आणि वडोदऱ्यात ती तीन राजवटींतून जाते. गायकवाडी काळातल्या सनदा आणि खतं बरीचशी मोडीत आहेत, म्हणून मोडी वाचणारा गाठावा लागतो. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा मुंबईचे कायदे आले. 1 मे 1960 पासून कारभार गुजरातचा.

ब्रिटिश मुलखात सक्तीची दस्तनोंदणी 1864 च्या कायद्याने आली. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ठरवलं की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं घर-जमीन विकायची तर नोंदणीकृत खतच हवं. ही शंभराची मर्यादा आजही तीच आहे. आता त्या पैशात वाड्याचा कडीकोयंडाही येणार नाही. बक्षीसपत्राला किमतीची अट नाही, पण नोंदणी आणि दोन साक्षीदार लागतातच.

घोळ होतो तो बानाखतापाशी, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या करारापाशी. महाराष्ट्रात ज्याला साठेखत म्हणतात तेच हे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 स्पष्ट सांगतं, की विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. तरी बानाखत, कुलमुखत्यारपत्र आणि किल्ली एवढ्यावर व्यवहार उरकायची सवय देशभर पसरली, मुख्यतः स्टॅम्प ड्यूटी वाचवायला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात अशा विक्रीने मालकी जात नाही असा निकाल दिला. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव चढलं, घरवेरा म्हणजे घरपट्टी भरली, तरी तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. भावाबहिणींनी तोंडी सोडलेल्या वाट्याचंही तसंच. हक्क कमीचा लेख, म्हणजे हक्कसोडपत्र, नोंदवून घ्यावा हे बरं, नाहीतर तिसऱ्या पिढीत एखादा पुतण्या उभा राहतो.

गुजरातेत आणखी एक पायरी आहे. दंगलींनंतर भीतीपोटी घरं पडेल भावाने विकली जाऊ नयेत म्हणून 1986 मध्ये अशांत धारा, म्हणजे अशांत भागांतल्या मालमत्ता व्यवहारांचा कायदा, आला. सध्याचा कायदा 1991 चा. वडोदऱ्याचे जे भाग त्याखाली जाहीर झाले आहेत, तिथे कलेक्टरची पूर्वपरवानगी नसेल तर विक्री रद्दबातल ठरते. हेतू संरक्षणाचा होता, पण वस्त्या वेगळ्या ठेवायलाही तो वापरला जातो ही टीका मला रास्त वाटते. म्हणून बानाखताची रक्कम देण्याआधीच घर त्या हद्दीत येतं का ते तपासावं, आणि जंत्रीप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, स्टॅम्प ड्यूटी किती बसेल याचा हिशोबही तेव्हाच करावा.