मजकुराचे पूर्णांकात रूपांतर आणि त्रुटी-हाताळणी

कीबोर्डवरून टाकलेले किंवा फाइलमधून वाचलेले '४२' हा प्रोग्रामच्या लेखी आकडा नसतो, ती दोन चिन्हांची माळ, म्हणजे स्ट्रिंग, असते. बेरीज-वजाबाकी करायची तर आधी तिचा पूर्णांक करावा लागतो. रीत सोपी आहे: डावीकडून एकेक चिन्ह घ्यायचे, आतापर्यंतच्या किमतीला दहाने गुणायचे आणि नव्या अंकाची किंमत मिळवायची. आस्की संकेतात (चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) शून्याचा क्रमांक ४८ असल्यामुळे चिन्हाच्या क्रमांकातून ४८ वजा केले की ती किंमत हाती येते. पंचाईत होते ती समोरचे चिन्ह अंकच नसेल तेव्हा.

रूपांतर फसते ते बहुधा तीन कारणांनी. स्ट्रिंग रिकामी असते. तिच्यात भलतेच चिन्ह असते (शून्याच्या जागी रोमन 'ओ' हा जुना चकवा). किंवा आकडा ठरलेल्या जागेत मावत नाही. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त (धन-ऋण दोन्ही आकडे घेणाऱ्या) पूर्णांकात २१४७४८३६४७ पर्यंतच जाता येते. त्यात एक मिळवला की हद्द संपली.

सी भाषेतील 'एटॉय' हे फंक्शन या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. त्याला अक्षरे दिली तरी शून्य मिळते आणि खरोखरचे '०' दिले तरी शून्यच. उत्तर पाहून फरक कळत नाही. आकडा मावला नाही तर काय व्हावे, हे मानकाने ठरवलेलेच नाही. सीमधलेच 'स्ट्रटॉल' बरेच बरे: वाचन कोणत्या चिन्हापाशी थांबले ते एका पॉइंटरमधून (स्मृतीतील जागेच्या पत्त्यातून) कळते आणि हद्द ओलांडल्यास 'एररनो' या त्रुटी नोंदवणाऱ्या चलात तशी खूण होते. मात्र फंक्शनला हाक मारण्यापूर्वी 'एररनो' शून्य करून ठेवावा लागतो. तो राहिला, तर आधीच्या कुठल्या तरी चुकीचे खापर या रूपांतरावर फुटते.

रूपांतर फसले की जावा 'नंबरफॉरमॅटएक्सेप्शन' नावाचा अपवाद (चूक कळवणारा इशारा) फेकते, पायथन 'व्हॅल्यूएरर'. तो पकडला नाही तर प्रोग्राम तिथेच थांबतो, आणि चुकीचा आकडा गुपचूप पुढे जाण्यापेक्षा ते परवडले. पण माणूस टंकताना चुकणारच. अशा नेहमीच्या गोष्टीला अपवाद म्हणणे सर्वांना पटत नाही. सी-शार्पमधील 'ट्रायपार्स' म्हणूनच फक्त जमले की नाही एवढे सांगते आणि आकडा वेगळ्या चलात ठेवते. फसल्यास त्या चलात शून्य असते, म्हणजे उत्तर न तपासणारा पुन्हा 'एटॉय'च्याच दारात येऊन उभा राहतो. गो भाषा मूल्यासोबत त्रुटी परत देते. रस्टमध्ये दोहोंपैकी जे मिळेल ते 'रिझल्ट'मध्ये गुंडाळलेले असते. तो 'रिझल्ट' उलगडल्याशिवाय आकडा हाती लागत नाही.

जावास्क्रिप्टचे 'पार्सइंट' फारच सैल. '12 पाने' दिले तर ते १२ घेते आणि उरलेले सोडून देते. अगदी पहिलेच चिन्ह अडले तर 'नॅन' (आकडा नाही, अशी खूण) मिळते. त्याच भाषेतील 'नंबर' '12 पाने' नाकारते, पण रिकाम्या स्ट्रिंगला शून्य मानते.

अंक कशाला म्हणायचे यावरही एकमत नाही. देवनागरीत टंकलेले '४२' पायथन आणि जावा बिनतक्रार स्वीकारतात. त्याच स्ट्रिंगवर रस्ट अवैध अंकाची त्रुटी देते आणि 'पार्सइंट' 'नॅन'.