पारिया बेला निघण्याआधी हे वाचा

आमच्या त्रिनिदाद सहलीतला पाचवा दिवस पारिया बे या समुद्रकिनाऱ्याचा. बुकिंग करताना सगळ्यांत जास्त विचारणा याच दिवसाबद्दल होते आणि पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "तिथे हॉटेल कुठलं?"

तिथे हॉटेल नाही. शहाळंवाला, खुर्च्या-छत्र्या, कपडे बदलायची खोली, शौचालय, जीवरक्षक, यातलं काहीही नाही. गाडीरस्तासुद्धा नाही. बेटाच्या उत्तर किनाऱ्यानं जाणारा रस्ता ब्लांशिसूज गावापुढे मारियान नदीपाशी संपतो. पूर्वेकडून येणारा रस्ता मातलो गावात थांबतो. मधल्या पट्ट्यात डोंगर, जंगल आणि अधूनमधून वाळू. पारिया बे या पट्ट्यात आहे, म्हणून ती अजून जशीच्या तशी राहिली आहे, आणि म्हणूनच आम्ही हा दिवस सहलीत ठेवला आहे. (नकाशात शोधताना गल्लत होते. पारियाचं आखात बेटाच्या पश्चिमेला आहे, ते वेगळं. आपली पारिया बे उत्तरेला.)

चाल किती?

पोर्ट ऑफ स्पेनहून पहाटे पाचला निघतो. घाटातून ब्लांशिसूजला पोचायला दीड-दोन तास लागतात. गावाच्या नावाचा फ्रेंचमध्ये अर्थ धोबीण. नदीवरचा पूल ओलांडला की पायवाट सुरू होते आणि साधारण दोन ते अडीच तासांत किनाऱ्यावर उतरते. राजमाची किंवा हरिश्चंद्रगड केलेल्यांना चढ-उतार फार वाटणार नाहीत, पण दमटपणा वाटेल. घाम सुकतच नाही. माणशी किमान तीन लिटर पाणी हवंच, यात आम्ही सूट देत नाही.

वाट जुन्या कोकोच्या बागांमधून जाते. बागा कधीच सुटल्या, झाडं रानात मिसळून गेली. खोडालाच लगडलेली पिवळी-तांबडी कोकोची फळं अजूनही दिसतात. पायाखाली बघा: पानांचे हिरवे तुकडे डोक्यावर धरून मुंग्यांची रांग वाट ओलांडत असते. तिथले लोक त्यांना बचाक म्हणतात. आमच्या मागच्या गटातल्या एक सत्तरीच्या काकू या रांगेपाशी वीस मिनिटं बसून राहिल्या आणि आम्ही त्यांना उठवलं नाही.

बूट जुने, पकड असलेले घाला. चपला नकोत, जीन्स नको, भिजली की पाय उचलवत नाही. वाटेवर मापेपिरे नावाचा विषारी साप असू शकतो, तेव्हा वाटाड्याच्या मागेच राहा आणि आडव्या ओंडक्यापलीकडे न बघता पाय टाकू नका. आणखी एक गोष्ट आपल्या ट्रेकरमंडळींसाठी: लष्करी छापाची पँट, टोपी, सॅक घरीच ठेवा. या देशात सामान्य नागरिकानं तसे कपडे घालणं कायद्यानं गुन्हा आहे.

पाण्यात उतरताना

शेवटचा उतार संपला की झाडीतून एकदम उजेड येतो आणि समोर वाळूचा लांब पट्टा, त्यावर बहुतेक वेळा एकही पाऊल उमटलेलं नसतं. तिथं सगळ्यांना धावत पाण्यात शिरावंसं वाटतं. कृपा करून थांबा. उत्तर किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो, विशेषतः डिसेंबर ते मार्चमध्ये, आणि परतणाऱ्या पाण्याची ओढ माणसाला आत खेचून नेते. वाटाड्या दाखवील तिथेच आणि कमरेइतक्याच पाण्यात उतरा. या ओढीत सापडलात तर तिच्याशी झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या. जीवरक्षक माराकास आणि लास क्वेव्हास या किनाऱ्यांवर असतात, इथं नाहीत, आणि मोबाइलला रेंज नाही असं धरूनच चला.

मनसोक्त डुंबायचं असेल तर नदीच्या वाटेनं आत पंधरा-वीस मिनिटांवर पारिया धबधबा आहे. खालचा डोह गार आणि गोड्या पाण्याचा. त्रिनिदादी माणसं अशा ठिकाणी दिवसभर निवांत बसण्याला 'लाइम' म्हणतात. आपल्या कट्ट्यावर बसण्यासारखंच, फक्त पाय पाण्यात.

कासवांसाठी

मार्च ते ऑगस्ट या किनाऱ्यांवर लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाहिलेल्यांनी मनातलं माप बदलावं. रिडलेची मादी साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोची, लेदरबॅक तीनशे किलोंच्याही वर जाते आणि पाठीवर कठीण कवच नसून चामड्यासारखी कातडी असते. रात्री मादी येऊन गेली असेल तर सकाळी वाळूत ट्रॅक्टर फिरल्यासारखा पट्टा दिसतो. त्यावरून चालू नका. वेळासला अंडी उचलून कुंपणाच्या आत नेतात, पारियाला ती मादीनं पुरली तिथेच, दोन महिने, वाळूखाली असतात. म्हणून भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत खड्डे, तंबूचे खुंट, शेकोटी यांना आमच्या गटात सक्त मनाई आहे. पिल्लू दिसलं तर त्याला उचलून पाण्यात सोडू नका, वाट मोकळी करा.

रात्री मादी पाहायचीच असेल तर ग्रांद रिव्हिएर किंवा मातुराला वेगळा मुक्काम ठरवता येईल. हंगामात तिथं परवाना लागतो, तो आम्ही काढतो.

खाणं आणि कचरा

पहाटे शहरातून डबल्स बांधून घेतो: 'बारा' नावाच्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या आणि मध्ये चण्याची उसळ. १८४५ पासून मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांच्या वंशजांची ही देणगी, आणि शाकाहारी मंडळींची सोय. परतताना माराकासला बेक अँड शार्क, म्हणजे तळलेल्या पावात तळलेला शार्क, मिळतं. शार्क म्हणजे आपली मोरी. चिवडा-लाडू जरूर आणा, पण पुडीचा प्रत्येक कागद परत आणायचा. शौचाला नदीपासून लांब जाऊन खड्डा करायचा. लहान फावडं आमच्याकडे असतं.

गुडघ्याचा त्रास असेल तर लाजू नका, आधी सांगा. मासेमारीच्या होडीनं जाता येतं, पण होडी लाटांतून वाळूला लागते, कमरेपर्यंत भिजायची तयारी हवी, आणि समुद्र खवळलेला असेल तर होडीवाला नाही म्हणेल. त्याचा शब्द शेवटचा.

महिनाभर आधीचं काम

त्रिनिदादहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला विमानतळावर मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तिथं आधी वेळ घ्यावी लागते. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दाखला मिळाला की त्याचा फोटो आम्हाला पाठवा, मगच आम्ही तिकीट पक्कं करतो.