विद्यापीठीय कामगिरीचे मापन

विद्यापीठाचे अध्यापन, संशोधन, निकाल, सोयी आणि कारभार ठरावीक निकषांवर मोजून त्यावरून संस्थेला श्रेणी, गुणांक किंवा क्रमांक देण्याची पद्धत. मराठीत तिच्यासाठी मूल्यमापन, अधिस्वीकृती, मानांकन आणि क्रमवारी हे शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी योजले जातात. वास्तविक अधिस्वीकृतीत संस्था अपेक्षित दर्जाला उतरते की नाही हे पाहिले जाते, तर क्रमवारीत ती इतरांच्या मानाने कोठे आहे एवढेच कळते. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचा विचार मुख्यतः बेळगाव, खानापूर व निपाणी या कर्नाटकातील मराठीभाषक सीमापट्ट्याच्या संदर्भात केला आहे.

पद्धतीच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल यांनी 1910 मध्ये नामांकित शास्त्रज्ञांच्या संख्येवरून विद्यापीठांचा क्रम लावला, तो बहुतेक ग्रंथांत आरंभबिंदू मानला जातो. मात्र इंग्लंडमध्ये ॲलिक मॅक्लीन यांनी 1900 मध्येच कर्तबगार व्यक्ती कोणत्या विद्यापीठांतून आल्या याची मोजदाद केली होती. ती क्रमवारी म्हणावी की चरित्रविषयक पाहणी, हा वादाचा मुद्दा आहे. मॅक्लीन यांचे लक्ष संस्थांपेक्षा व्यक्तींच्या जडणघडणीवर होते, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. 1911 मध्ये अमेरिकी शिक्षण विभागातील केंड्रिक बॅबकॉक यांनी महाविद्यालयांचे वर्गीकरण तयार केले, पण संस्थांच्या विरोधामुळे राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी त्याचे अधिकृत प्रकाशन थांबवले. म्हणजे मापनाइतकीच त्याविषयीची तक्रारही जुनी आहे. प्राध्यापकांच्या मतांवर आधारलेली पाहणी रेमंड ह्यूज यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध केली, आणि जागतिक क्रमवारीचे युग 2003 मधील शांघाय क्रमवारीपासून धरले जाते. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांना निकालानुसार अनुदान देण्याची रीत होती, तीही या परंपरेची एक पूर्वपीठिका मानता येईल. परंतु ती शाळांपुरती होती आणि तिचा विद्यापीठांच्या मापनाशी थेट धागा जोडणे धाडसाचे ठरेल. 1904 च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने संलग्न महाविद्यालयांच्या तपासणीची तरतूद केली, ती मात्र आजच्या व्यवस्थेची जवळची पूर्वज म्हणता येते.

भारतात 1986 चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि 1992 चा कृतिकार्यक्रम यांतून राष्ट्रीय मूल्यमापन व अधिस्वीकृती परिषद 1994 मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय बंगळुरूत असून ती सर्वत्र ‘नॅक’ या नावाने ओळखली जाते. सात निकषांवरून 4 पैकी गुणांक काढण्याची, आणि 3.51 वा त्याहून अधिक गुणांक आल्यास ‘ए प्लस प्लस’ ही सर्वोच्च श्रेणी देण्याची पद्धत तिने रूढ केली. 2017 पासून आकडेवारीचा भाग वाढून प्रत्यक्ष भेट देणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या मताचे वजन कमी झाले. त्याआधीच, 2015 मध्ये, राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा जाहीर होऊन 2016 मध्ये पहिली यादी निघाली. त्यात अध्यापन व साधने आणि संशोधन यांना प्रत्येकी 30, पदवीनंतरच्या फलिताला 20, तर समावेशकता आणि लोकांतील प्रतिमा यांना प्रत्येकी 10 टक्के वजन आहे. अलीकडे डॉ. के. राधाकृष्णन समितीने श्रेणींऐवजी मुख्यतः ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अनधिस्वीकृत’ असा द्विवर्गीय निर्णय आणि त्यापुढे परिपक्वतेचे, म्हणजे दर्जाचे चढते, स्तर सुचवले आहेत.

सीमाभागात या व्यवस्थेची रचना समजण्यास विद्यापीठीय इतिहास पाहावा लागतो. बेळगावात 1933 मध्ये सुरू झालेले लिंगराज महाविद्यालय प्रारंभी मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते; 1949 मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाल्यावर परिसरातील महाविद्यालये धारवाडकडे गेली, आणि 2010 मध्ये त्याच्यातून बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ वेगळे झाले. तांत्रिक शिक्षणासाठी 1998 मध्ये बेळगावातच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आले. या प्रवासाचा मापनावर परिणाम असा, की विद्यापीठाच्या श्रेणीत त्याच्या आवारातील विभागांचे काम मोजले जाते आणि संलग्न महाविद्यालयांचे मूल्यमापन स्वतंत्र होते; त्यामुळे खानापूर वा निपाणीच्या पदवी वर्गातल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या श्रेणीचा संबंध क्वचितच जाणवतो.

निकषांचे सर्वांत मासलेवाईक उदाहरण समावेशकतेखालील प्रादेशिक विविधतेचे आहे. राष्ट्रीय क्रमवारीत परराज्यातील विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला गुण आहेत. चंदगड तालुक्यातील शिनोळी, म्हणजे बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरचे गाव, महाराष्ट्रात आहे. तेथील मुलगा बेळगावात शिकला तर तो परराज्यातील विद्यार्थी, परंतु शेकडो किलोमीटरवरच्या बीदरहून आलेला विद्यार्थी मात्र कर्नाटकातलाच. निपाणीला लागून असलेले देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यातील अर्जुननगरला, शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत असल्याने तेथे निपाणीची मुले याच न्यायाने ‘बाहेरची’ ठरतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आखलेली रेषा अशा रीतीने तक्त्यांत विविधता निर्माण करते, जिचा वर्गातील वास्तवाशी फारसा संबंध नाही.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. नॅकचे पुरावे इंग्रजीत अपेक्षित असतात आणि प्रादेशिक भाषेतील कागदाचे इंग्रजी भाषांतर प्रमुखाच्या सहीने जोडावे लागते. त्यामुळे 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा दिनाचा वृत्तांत मराठीत लिहिला जातो, शासनाचा आदेश कन्नडमध्ये येतो आणि दोहोंची भाषांतरे करून, स्थळाची नोंद असलेल्या छायाचित्रासह, एकाच फाइलीत लावली जातात. संशोधनाची गणना स्कोपस व वेब ऑफ सायन्स यांसारख्या शोधनिबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचींवरून होते. मराठी नियतकालिकांचे त्या सूचींतील स्थान नगण्य असल्याने मराठी विषयाच्या प्राध्यापकाचे ग्रंथलेखन क्रमवारीत जवळजवळ अदृश्य राहते.

शिक्षणावर झालेल्या परिणामांपैकी लेखसंख्येचा परिणाम सर्वाधिक चर्चिला गेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन आणल्यावर पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांना बहर आला. मे 2018 मध्ये आयोगाने आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून 4,305 नियतकालिके वगळली, आणि 2022 च्या नियमांत पीएच.डी.साठी प्रबंधापूर्वी लेख छापण्याची सक्तीही राहिली नाही. मोजमाप हेच ध्येय झाले की ते चांगले मोजमाप उरत नाही, या आशयाचा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांचा 1975 चा सिद्धांत येथे पुष्कळ अंशी लागू पडतो. दुसरीकडे ग्रंथालयांची नोंद, माजी विद्यार्थ्यांची यादी, पाण्याची व स्वच्छतागृहांची सोय यांत झालेली सुधारणा नाकारता येत नाही. तज्ज्ञ समितीच्या भेटीच्या आठवडाभर आधी लागलेला रंग पुष्कळदा भिंतीवर टिकतोही.