पेट्रोल की करंट? तापल्यावर बंद पडणारी लॅम्ब्रेटा

मे महिन्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोडला, वळसंगच्या अलीकडे, लिंबाच्या सावलीत लॅम्ब्रेटा स्कूटर उभी दिसली की पुढचं बोलणं मला पाठ आहे. "काय झालं?" "कचरा आलाय कार्बोरेटरमध्ये." मग कार्बोरेटर उतरतो, जेट (पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र) तोंडाने फुंकला जातो, फ्लोटची वाटी पुसली जाते, सगळं परत बसतं आणि दुसऱ्या किकला गाडी चालू. कचराच होता, याची सगळ्यांना खात्री पटते. पुढच्या रविवारी तेवढ्याच किलोमीटरवर तीच गाडी पुन्हा उभी.

कचरा नव्हता. कार्बोरेटर खोलून बसवेपर्यंत अर्धा तास गेला, तेवढ्यात इंजिन गार झालं, म्हणून ती चालू झाली. जेट न फुंकता अर्धा तास नुसतं बसून राहिला असतात तरी चालू झाली असती. हा घोळ इतक्या वेळा पाहिलाय की दोष पेट्रोलचा की करंटचा, म्हणजे ठिणगीचा, हे कसं ओळखायचं ते आता सविस्तर लिहितोच. एपीआय कंपनीची लॅम्बी असो, लखनौची विजय सुपर असो की असली इटालियन एलआय १५०, सीबी पॉइंटवाली (करंट जोडणारी-तोडणारी उघडमिट टोकं असलेली) गाडी असेल तर हे सगळं तिला लागू आहे.

पेट्रोलची बाजू तुम्हाला माहीतच आहे. टाकीतला गंज, कॉकची जाळी, दुमडलेली नळी, अडकलेली फ्लोटची सुई. एकच गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र. ते बुजलं की पेट्रोल उतरेल तशी बाहेरची हवा टाकीत येऊ शकत नाही, आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. हा दोषही तपासता तपासताच लपतो. पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं की हवा आत जाते आणि गाडी चालू होते. म्हणून झाकण उघडताना कान द्या. "सुस्स" आवाज आला तर तुमचं उत्तर तिथंच मिळालं.

इंजिन जाम होणं वेगळं. तेव्हा किकच खाली जात नाही, त्यात गोंधळायचं काही कारण नाही. आणि "उन्हात पेट्रोल उकळतं" हे कृपा करून बंद करा. टाकीतून आपल्या वजनाने पेट्रोल उतरणाऱ्या या गाडीत ते कारण मी सगळ्यात शेवटी धरतो. कार्बोरेटरवर ओला फडका टाकल्यावर गाडी चालू झाली, हा पुरावा होत नाही. फडका ओला करून, पिळून, टाकून होईस्तोवर बाकीचं इंजिनही गार होतच असतं.

आता करंट. लॅम्ब्रेटाचा कंडेन्सर बसतो कुठे, ते बघा. फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या फिरत्या जड चाकाच्या) आत, स्टेटर प्लेटवर (वेटोळी बसवलेल्या न फिरणाऱ्या थाळीवर), पॉइंटच्या शेजारी, क्रँककेसला खेटून. पॉइंट उघडतो त्या क्षणी करंट त्या फटीतून उडी मारायला बघतो. कंडेन्सर तो स्वतःत घेतो, म्हणून करंट झटक्यात तुटतो आणि एचटी कॉइलला (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला) पूर्ण दणका मिळतो. कंडेन्सर म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या आणि मध्ये इन्सुलेशन यांची गुंडाळी. ते इन्सुलेशन जुनं झालं की गार असताना काम करतं आणि तापलं की त्यातून करंट गळायला लागतो. मग ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवर पडते. पॉइंट काळे पडतात, त्यांच्यावर खड्डा-उंचवटा तयार होतो. स्टेटरमधल्या इग्निशन कॉइलचं जुनं वेटोळंही असंच तापल्यावर दगा देतं.

इनोसेंती कंपनीने ही गाडी १९४७ साली मिलानच्या लांब्राते भागात बनवायला सुरुवात केली. तिथला उन्हाळा आणि आपला एप्रिल-मे यांत फार फरक आहे. आपल्याकडे पारा ४२-४३ च्या घरात जातो. जानेवारीत हुरड्याला जाताना जी गाडी कधी नखरा करत नाही, तीच मे महिन्यात दगा देते. कचऱ्याला ऋतू कळत नाही, हा पहिला इशारा तिथंच घ्यायला हवा.

खरी गाठ आता येते. दोन्ही दोषांत गाडी बंदच पडते, पण बंद पडण्याची रीत वेगळी असते. पेट्रोल कमी पडलं की गाडी हळूहळू दम सोडते. फुल थ्रॉटलला ओढ कमी होते, थ्रॉटल सोडला की जरा सावरते, चोक ओढला की दोन-चारशे मीटर जीव येतो. थांबून एखाद-दोन मिनिटं गेली की फ्लोटची वाटी भरते आणि ती पुन्हा निघते. करंट जातो तेव्हा ती मिसिंग मारते, सायलेन्सरमधून फटाके काढते, किंवा चावी बंद केल्यासारखी एकदम गप्प होते. चोकने काही फरक पडत नाही, उलट बिघडतं. दोन मिनिटं थांबूनही उपयोग नाही, वीस-तीस मिनिटं लागतात.

चहाला थांबल्यावर चालूच न होणारी गाडी हे करंटचं सगळ्यात ठळक लक्षण. फ्लायव्हीललाच पंख्याची पाती आहेत. इंजिन बंद झालं की पंखा बंद, आणि सिलिंडरची धग आत क्रँककेसकडे सरकते. म्हणजे थांबल्यावर पाच-दहा मिनिटं स्टेटर धावताना होता त्यापेक्षा जास्त तापतो. पेट्रोल कमी पडणारी गाडी मात्र उभी राहिल्यावर सुधारते. कॉक उघडा ठेवून सुई गळत असेल तर ओव्हरफ्लो होईल, पण मग पेट्रोलचा वास लांबूनच येतो.

प्लगच्या बाबतीत लोक नेमकं उलटं वाचतात. प्लग काढला, ओला निघाला, की निकाल लागला: "कार्बोरेटर जास्त पेट्रोल टाकतोय." अहो, ठिणगीच नसेल तर आलेलं पेट्रोल जळणार कसं? दहा किक मारल्यावर तो ओला निघणारच. ओला प्लग सांगतो की पेट्रोल पोचलंय आणि जळलेलं नाही. कोरडा प्लग निघाला तर खुशाल टाकी, कॉक, जेट बघा. ओला निघाला तर कार्बोरेटरला हात लावायच्या आधी करंट बघा.

आणि करंट इंजिन गरम असतानाच बघा, थांबल्यावर पहिल्या दोन मिनिटांत. डिकीत एक चांगला प्लग ठेवा, टोपी त्याला लावा, प्लगचं अंग इंजिनच्या धातूला टेकवून किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. निळी, चटचट वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक ठिणगी उघड्यावर पडली तरी कॉम्प्रेशनमध्ये पडत नाही, त्यामुळे "करंट आहे की" म्हणून तिथंच थांबू नका. घरी आल्यावर गार गाडीवर ही तपासणी करून काहीच कळत नाही.

मी स्वतः दोन उन्हाळे यात घालवले. वडिलांची एलआय, टाकी दोनदा ॲसिडने धुतली, एका गॅरेजवाल्याने मेन जेट बदलून दिला, त्याने सरासरी तेवढी घसरली. तिसऱ्या उन्हाळ्यात पुलर लावून फ्लायव्हील काढला आणि पॉइंट कोळशासारखे काळे दिसले.

उपायाबद्दल माझं मत पक्कं आहे. "असली इटालियन, जुना स्टॉक, डबाबंद" असा कंडेन्सर घेऊ नका. त्यातला कागद डब्यातही म्हातारा होतो. ०.२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा, पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कपॅसिटर घ्या आणि स्टेटरवर न बसवता वायर बाहेर काढून एचटी कॉइलजवळ, हवेशीर जागी बसवा. जुना कंडेन्सर मात्र कापून वेगळा करायलाच हवा. तो आतून शॉर्ट असेल तर बाहेर कितीही चांगला जोडला तरी करंट अर्थमध्येच, म्हणजे गाडीच्या धातूतच जाणार. अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासून घ्या, रंगावर स्क्रू आवळू नका. पॉइंट नवे टाका आणि फ्लायव्हीलच्या खिडकीतून फट ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर ठेवा. जुने काळे पॉइंट घासून वापरलेत, तर पुढच्या वेळी नवा कंडेन्सर खराब निघाला की पॉइंट, हे शोधत बसाल.